मालदीवची नोकरी: फ्रंट ऑफिस की प्लांट रूम?

पत्राचा सारांश: मी ३१ वर्षांचा असून मूळचा मालवणचा आहे. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड पूर्ण केल्यावर गेली नऊ वर्षे गोव्यातील हॉटेलांच्या देखभाल विभागात काम करतो. हातात महिन्याला २८ हजार रुपये पडतात. पत्नीने जीएनएम केले असून ती खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. मुलगी चार वर्षांची आहे. दोन-तीन वर्षे मालदीवला काम करून घराचे कर्ज फेडावे असे मनात आहे. एका एजंटाने तिथल्या रिसॉर्टमध्ये ‘गेस्ट सर्व्हिस एजंट’ (फ्रंट ऑफिसच्या काउंटरवर पाहुण्यांची व्यवस्था पाहणारा) म्हणून महिना ४५० डॉलर पगाराची नोकरी देऊ केली आहे. त्यासाठी तो दीड लाख रुपये मागतो. पर्यटक व्हिसावर जा, परवाना तिकडे गेल्यावर होईल, असे सांगतो. मित्र म्हणतो, स्कूबा इन्स्ट्रक्टर हो, त्यात जास्त पैसा आहे. घरचे म्हणतात, मॉरिशसला जा, तिथे आपली मराठी माणसे आहेत. मी काय करावे? कुटुंब बरोबर नेता येईल का? आणि इथला राजीनामा कधी द्यावा?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील बाकीचे प्रश्न विचार करून सोडवण्यासारखे आहेत. एजंटाचा प्रश्न मात्र त्यांत येत नाही, म्हणून तो आधी निकालात काढू. त्याला पैसे देऊ नका आणि पासपोर्टही देऊ नका. भारतीय पर्यटकाला मालदीवमध्ये उतरल्यावर ९० दिवसांचा व्हिसा विनामूल्य मिळतो आणि हीच सोय अशा एजंटांचे भांडवल असते. कारण त्यांना काहीही न करता माणूस विमानातून उतरवता येतो आणि ‘पोहोचवले’ असे म्हणता येते. परंतु त्या व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. तपासणीत सापडलात तर परत पाठवले जाल ते तुम्ही, आणि पासपोर्टावर शेरा लागेल तोही तुमच्याच. एजंट तोवर पुढचे गिऱ्हाईक गाठून बसलेला असेल.

सरळ मार्गाचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. रिसॉर्टचा मालक तिथल्या सरकारकडून तुमच्या नावाने नोकरीची मंजुरी घेतो, तिची प्रत तुम्हाला पाठवतो, त्या मंजुरीवर तुम्ही प्रवास करता, तिथे वैद्यकीय तपासणी होते आणि त्यानंतर कामाचा परवाना हाती येतो. परदेशी कामगाराच्या कोट्याचे आणि परवान्याचे सरकारी शुल्क भरणे हे मालकाचे काम आहे. त्यामुळे ‘दीड लाखात व्हिसाचा खर्च धरला आहे’ या वाक्याला अर्थ उरत नाही. आपल्याकडचा नियमही तुम्हाला ठाऊक असावा: परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला भरती एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो, आणि त्याची नोंदणी खरी की खोटी हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. इथे एक बारकावा आहे. ज्या देशांत कामाला जाण्यापूर्वी कमी शिकलेल्या कामगारांना सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते, त्या यादीत आखाती देश आहेत, मलेशिया आणि थायलंडही आहेत, मालदीव नाही. लोकांना ही सवलत वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की, निघण्यापूर्वी आपल्याकडचे कोणतेही कार्यालय तुमचा करार उघडून पाहणार नाही. ती तपासणी तुमची तुम्हालाच करावी लागेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मी हॉटेलांच्या भरती विभागात बरीच वर्षे काढली आहेत, आणि तुमचे पत्र वाचताना मला राहून राहून एकाच गोष्टीचे नवल वाटले: नऊ वर्षे चिलर (इमारत गार ठेवणारी मोठी यंत्रे) आणि कोल्ड रूम सांभाळणारा माणूस बेटावर जाऊन काउंटरमागे उभा का राहू पाहतो? बहुधा एजंटाकडे तीच जागा होती आणि तुम्हाला ती कोट-टायची वाटली.

मालदीवची घडण लक्षात घ्या, म्हणजे पगार कुठे आहे हे आपोआप कळेल. सुमारे १,२०० बेटांच्या त्या देशात वस्तीची बेटे २०० हूनही कमी आहेत. १९७२ साली पर्यटन सुरू झाले तेव्हापासून तिथे मुख्यतः ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रुळली आहे. म्हणजे रिसॉर्ट ज्या बेटावर आहे, तिथे दुसरे काहीच नसते. गोव्यात वीज गेली तर आपण वीज खात्याला फोन लावतो, पाणी आले नाही तर टँकर मागवतो, कंप्रेसर जळाला तर म्हापशाहून दुपारपर्यंत माणूस येतो. तिथे वीज रिसॉर्टच्या स्वतःच्या डिझेल जनरेटरवर तयार होते, पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातून आरओ प्लांटवर काढले जाते, सांडपाण्याचा प्लांट बेटावरच असतो, आणि मासे वगळता बहुतेक सगळे धान्य, भाजी, मांस आणि दूध बोटीने येऊन कोल्ड रूममध्ये पडते. ती कोल्ड रूम एक रात्र बंद पडली तर पुढची बोट येईपर्यंत स्वयंपाकघरात काय शिजवायचे, हा प्रश्न जनरल मॅनेजरच्या दारात जातो. त्यातच खाऱ्या हवेने कंडेन्सरच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. हे मालवणच्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. एका खोलीसाठी रात्रीचे शेकडो डॉलर मोजलेल्या पाहुण्याच्या व्हिलातील एसी बंद पडला, तर तो दुरुस्त करणाऱ्या माणसाची वाट सगळा विभाग पाहत असतो.

याउलट फ्रंट ऑफिसच्या जागेसाठी तुमची स्पर्धा फिलिपिन्स, श्रीलंका, नेपाळ, इंडोनेशिया येथील हॉटेल पदवीधरांशी, आणि रशियन किंवा चिनी भाषा बोलणाऱ्या मुलामुलींशी होईल. शिवाय रिसॉर्टना आपल्या नोकऱ्यांचा मोठा वाटा स्थानिक नागरिकांसाठी ठेवावा लागतो, आणि स्थानिक तरुणांचा ओढा स्वाभाविकपणे पाहुण्यांसमोरच्या जागांकडे असतो. त्या रांगेत तुमच्या नऊ वर्षांची किंमत शून्य धरली जाईल आणि म्हणूनच आकडा ४५० आला आहे. प्लांट रूमच्या, म्हणजे यंत्रांच्या देखभालीच्या, रांगेत तीच नऊ वर्षे मोजली जातील. जाहिरातींमध्ये ‘एसी टेक्निशियन’, ‘रेफ्रिजरेशन टेक्निशियन’, ‘मल्टीस्किल टेक्निशियन’, ‘इंजिनिअरिंग सुपरवायझर’, ‘ड्युटी इंजिनिअर’ ही नावे पाहत चला. तुमचा अनुभव सुपरवायझरच्या जागेला पुरेसा आहे. टेक्निशियन म्हणून अर्ज करून स्वतःहून एक पायरी खाली उतरू नका.

एवढे झाल्यावर पगार मोजण्याची रीत सांगतो. तिथला पगार आपल्याकडच्यासारखा एका आकड्यात मावत नाही आणि अर्धे लोक इथेच फसतात. मूळ पगाराच्या जोडीला सर्व्हिस चार्जचा वाटा असतो. तिथल्या रोजगार कायद्यातील दुरुस्तीनुसार पर्यटन आस्थापनांना पाहुण्यांच्या बिलावर किमान १० टक्के सर्व्हिस चार्ज लावावा लागतो. त्यातील व्यवस्थापनखर्चाचा एक टक्का मालकाने ठेवून उरलेले ९९ टक्के सर्व कर्मचाऱ्यांना समान वाटायचे असतात. ‘समान’ हा शब्द नीट वाचा. वाटा हुद्द्यावर ठरत नाही. भांडी धुणाऱ्याला आणि विभागप्रमुखाला एकच रक्कम मिळते. त्यामुळे ज्याचा मूळ पगार कमी, त्याच्या कमाईत या वाट्याचे वजन जास्त, आणि रिसॉर्ट कोणते यावर तुमची कमाई हुद्द्यापेक्षाही अधिक अवलंबून राहते.

एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा एका रिसॉर्टमध्ये १०० व्हिला आहेत, हंगामात सरासरी ६० भरलेल्या असतात, आणि जेवणखाण धरून प्रत्येक व्हिलामागे रात्रीला ६०० डॉलरचे बिल होते. महिन्याची उलाढाल १० लाख ८० हजार डॉलर झाली. तिचे दहा टक्के म्हणजे १ लाख ८ हजार. त्यातील ९९ टक्के, म्हणजे १ लाख ६ हजार ९२० डॉलर, ३०० कर्मचाऱ्यांत वाटले तर प्रत्येकाला सुमारे ३५६ डॉलर येतात. आता पावसाळा धरा: ४० व्हिला भरलेल्या आणि बिल ४०० डॉलरवर आलेले. तोच वाटा १५८ डॉलरवर घसरतो. म्हणजे ४५० डॉलर मूळ पगाराचा माणूस एका महिन्यात ८०६ डॉलर मिळवतो आणि दुसऱ्या महिन्यात ६०८. एजंट तुम्हाला यांपैकी पहिला महिना दाखवेल. तुम्ही मात्र कोणत्याही मुलाखतीत ‘मागील बारा महिन्यांत प्रत्येक महिन्याला सर्व्हिस चार्जचा वाटा किती आला’ हे विचारा. हा प्रश्न तिथे उद्धट समजला जात नाही. भरती करणारा जाणकार असेल तर त्याला तो अपेक्षितच असतो आणि बहुधा आकडा तयार असतो. उत्तर टाळले गेले, किंवा रिसॉर्ट नवे असून अजून उघडायचे आहे असे कळले, तर पहिल्या काही महिन्यांचा वाटा शून्य धरून हिशेब करा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. व्हिला थोड्या आणि महाग असल्या, तरी अशा ठिकाणी प्रत्येक व्हिलामागे माणसेही जास्त ठेवलेली असतात. तेव्हा नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये वाटा मोठाच असेल असे गृहीत धरू नका. भागाकार करून पाहा. मध्यम दर्जाचे, वर्षभर भरलेले आणि बेताची माणसे असलेले रिसॉर्ट पुष्कळदा अधिक देऊन जाते.

डॉलर ८५ रुपये धरला, तर वरच्या उदाहरणातील दोन महिन्यांची कमाई अनुक्रमे साधारण साडेअडुसष्ट हजार आणि साडेएकावन्न हजार रुपये होते. आणि हा आकडा ४५० डॉलरच्या, म्हणजे तुम्ही घेऊ नये अशा जागेचा आहे. रिसॉर्टमध्ये राहणे, जेवण आणि गणवेश सर्वसाधारणपणे मालकाकडून असतो, त्यामुळे खर्चाला फारशी वाटच नसते. करार एक किंवा दोन वर्षांचा असतो आणि बहुतेक ठिकाणी वर्षाच्या रजेचे विमानभाडे मालक देतो. ‘बहुतेक’ हा शब्द मात्र करारात ‘देईल’ असा उतरलेला आहे ना, हे वाचून घ्या. तुलना करताना गोव्यातील २८ हजारांतून घरभाडे, पेट्रोल आणि किराणा वजा जाऊन किती उरते ते आधी लिहा, आणि त्या शेजारी तिथली वर्षाची शिल्लक मांडा. सर्वांत वाईट सहा महिने आणि सर्वांत चांगले सहा महिने मिळून वर्ष होते, हे विसरू नका.

पगार कोणत्या चलनात मिळणार, हा प्रश्न आकड्याइतकाच मोठा आहे. मालदीवचे चलन रुफिया असून त्याचा अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफियांवर बांधलेला आहे. परंतु देशात डॉलरची चणचण असते, खुल्या बाजारात तो याहून महाग मिळतो, आणि रुफियात पगार असणाऱ्याला घरी पैसे पाठवताना बँकांच्या मर्यादा आड येतात. म्हणून करारात मूळ पगार आणि सर्व्हिस चार्ज हे दोन्ही अमेरिकी डॉलरमध्ये दिले जातील, असे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘४५० डॉलर किंवा तितकेच रुफिया’ अशी शब्दरचना दिसली तर मिळणार ते रुफियाच, असे समजा. पगाराचे खाते कोणत्या बँकेत उघडले जाते आणि महिन्याला किती डॉलर भारतात पाठवता येतात, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या भारतीयाला विचारा. मनुष्यबळ विभागाच्या उत्तरापेक्षा त्याचे उत्तर ताजे असते.

कराची काळजी फारशी नाही. तिथे २०२० पासून पगारावर आयकर सुरू झाला, पण महिन्याला ६० हजार रुफियांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,९०० डॉलरपर्यंत, तो शून्य आहे. भारतात तुम्ही त्या आर्थिक वर्षापुरते अनिवासी ठरलात, तर परदेशात केलेल्या कामाचा परदेशातच मिळालेला पगार इथे करपात्र होत नाही. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीयाने त्या आर्थिक वर्षात इथे १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलेले असावे, अशी त्यासाठी अट आहे. म्हणजे एप्रिलपासून मोजले तर सप्टेंबर संपण्यापूर्वी निघालेले बरे, आणि त्याच वर्षी सुट्टीवर येण्याचे दिवसही मोजून ठेवलेले बरे. जाण्यापूर्वी बँकेत एनआरई खात्याची, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईसाठीच्या खात्याची, चौकशी करून ठेवा.

स्कूबाबद्दल तुमच्या मित्राचे म्हणणे अगदीच खोटे नाही. तिथे डायव्ह इन्स्ट्रक्टरला मान आहे. परंतु मालवणात पर्यटकाला हात धरून पाण्याखाली नेणे आणि प्रमाणित इन्स्ट्रक्टर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाडी या स्कूबाचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत ओपन वॉटरपासून सुरुवात करून, रेस्क्यू आणि डाइव्हमास्टर या पायऱ्या चढून, किमान १०० नोंदलेल्या डाइव्ह झाल्यावर इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसता येते. त्यात बराच काळ आणि पैसा जातो, आणि पुढे पुन्हा दोन-तीन युरोपीय किंवा पूर्व आशियाई भाषा येणारे उमेदवार पुढे असतात. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आवड असेल तर सुट्टीत जरूर शिका. घराचे कर्ज मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका.

मॉरिशसविषयी घरच्यांना वाटणारी आपुलकी मी समजू शकतो. तिथे १९ व्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. पण आपलेपणा मिळतो म्हणून कामाचा परवाना मिळत नाही. बारा लाखांहून अधिक वस्तीच्या त्या देशात हॉटेल शिक्षणाची जुनी परंपरा आहे आणि हॉटेलांतील बहुतेक जागा स्थानिक माणसेच भरतात. मालदीवला बाहेरच्या तंत्रज्ञांची जेवढी गरज आहे, तेवढी तिथे नाही.  तेव्हा मॉरिशसचा विचार सोडून द्या.

कुटुंबाच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. रिसॉर्टच्या बेटावर कर्मचाऱ्यांच्या खोल्या बेटाच्या मागच्या बाजूला असतात, सुपरवायझरलाही पुष्कळदा खोली वाटून घ्यावी लागते, आणि तिथे पत्नी-मुलांना राहण्याची सोय नसते. तुमच्या पत्नींचे शिक्षण मात्र या चित्रात उपयोगी पडू शकते. मालदीवच्या रुग्णालयांत आणि लहान बेटांवरील आरोग्यकेंद्रांत भारतीय परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात. काही रिसॉर्टमध्येही दवाखाना आणि परिचारिका असते. त्यांना तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करावी लागेल आणि आपल्याकडच्या नोंदणीची, अनुभवाची कागदपत्रे आधी जुळवावी लागतील. पण त्यांची नेमणूक एका प्रवाळ-वलयात आणि तुमची दुसऱ्यात झाली, तर एकाच देशात राहूनही भेटायला स्पीडबोट, फेरी, कधी विमान असा खटाटोप करावा लागेल, आणि चार वर्षांची मुलगी या दोन बेटांपैकी कुठे राहणार हा प्रश्न उरेल. माझे मत असे की, पहिले वर्ष तुम्ही एकट्याने काढावे, त्या वर्षात पत्नींनी आपली कागदपत्रे तयार करून ठेवावीत, आणि तुमच्या पहिल्या रजेत दोघांनी मिळून पुढचे ठरवावे. त्यांच्या पगारावर आज घर चालते आहे. ती बाजू दोन्हीकडून एकदम मोकळी करणे शहाणपणाचे नाही.

रजेचे बोलतो आहोत तोवर एक व्यवहाराची गोष्ट. कायद्याने एक वर्ष पूर्ण झाल्यावर ३० दिवसांची भरपगारी रजा मिळते, आणि आठवड्याची सुट्टी परस्परसंमतीने साठवून एकदम घेण्याची पद्धत रिसॉर्टमध्ये आहे. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला कोरडा आणि गर्दीचा हंगाम; त्या काळात रजा मागू नये आणि मागितली तरी मिळत नाही. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा, मंदीचा काळ. आपली चतुर्थी याच काळात येते, त्यामुळे मालवणच्या चाकरमान्याच्या दृष्टीने हे जुळून येते. ही रजा घेऊन घरी येणेच बरे, कारण मालदीवमध्ये इस्लामव्यतिरिक्त अन्य धर्माचे जाहीर आचरण करता येत नाही आणि पूजेसाठी मूर्ती देशात नेण्यास बंदी आहे. सामान भरताना देव्हाऱ्यातील मूर्ती आईने प्रेमाने ठेवून दिली तरी ती काढून घरीच ठेवा. दारू रिसॉर्टसारख्या पर्यटनाच्या ठिकाणीच पाहुण्यांसाठी चालते. वस्तीच्या बेटांवर ती निषिद्ध आहे, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. जेवणाचे म्हणाल तर भात आणि मासा दोन्ही मिळतील, पण तो मासा रोज टूनाच असेल. बांगड्याची आठवण येईल.

अर्ज करताना रिसॉर्ट समूहांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील नोकरीच्या पानांपासून सुरुवात करा. तुमच्या सध्याच्या हॉटेलच्या साखळीचे मालदीवमध्ये रिसॉर्ट असेल, तर अंतर्गत बदलीची चौकशी सर्वांत आधी करा. त्या वाटेने गेलेल्या माणसाची नोकरीही टिकते आणि कागदपत्रेही कंपनीच करते. अर्जात ‘देखभालीचा नऊ वर्षांचा अनुभव’ असे एका ओळीत लिहू नका. कोणत्या क्षमतेचे चिलर हाताळले, व्हीआरएफ यंत्रणेवर (बाहेरच्या एका यंत्रावर अनेक खोल्यांचे एसी चालवणाऱ्या) काम केले का, कोल्ड रूम किती आणि किती तापमानाच्या, बर्फाची यंत्रे, पॅनेलची वायरिंग, जनरेटरची साप्ताहिक तपासणी, सगळे लिहा. आरओ प्लांट आणि सांडपाण्याचा प्लांट यांची ओळख नसेल, तर सध्याच्या हॉटेलात त्या पाळीवर दोन महिने बदली मागून घ्या; बेटावर एसीवाला रात्री पंपाकडेही धावतो, आणि मुलाखत घेणाऱ्या चीफ इंजिनिअरला नेमके हेच ऐकायचे असते. इंग्रजी मोडके असले तरी चालेल, पण बिघाडाचा अहवाल चार ओळींत लिहिता आला पाहिजे.

देकार आला की करारात या गोष्टी पाहा: पदाचे नाव आणि मंजुरीतील पदाचे नाव एकच आहे का, परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ कायद्याच्या तीन महिन्यांच्या मर्यादेत आहे का, आठवड्याचे ४८ तास आणि त्यापुढील जादा कामाचा दर लिहिला आहे का, मुदतीआधी सोडल्यास विमानभाडे किंवा परवान्याचा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याचे कलम आहे का. शेवटचे कलम पुष्कळदा मागच्या पानावर असते. कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असल्यामुळे नाराज होऊन शेजारच्या बेटावर सहज नोकरी बदलता येत नाही, हे गृहीत धरूनच सही करा. पगार अडला किंवा अटी मोडल्या, तर तिथे लेबर रिलेशन्स ऑथॉरिटीकडे तक्रार करता येते, एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनल आहे, आणि माले येथे भारताचा उच्चायुक्त आहे. निघण्यापूर्वी या तिघांचे पत्ते आणि कराराची प्रत पत्नींच्या फोनमध्येही ठेवा. पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ कार्यालयात जमा करण्यास सांगितले, तर आधी त्याच्या सर्व पानांची छायाचित्रे काढा आणि लेखी पोच घ्या.

राजीनाम्याबद्दल शेवटी विचारले आहे. निवड झाल्याचे पत्र आले म्हणून राजीनामा देऊ नका, तिकीट आले म्हणूनही देऊ नका. तुमच्या नावाची, पासपोर्ट क्रमांकाची आणि सुपरवायझर या पदाची सरकारी मंजुरी हातात पडेल त्या दिवशी द्या, आणि सूचनेचा काळ पूर्ण भरून जाता येईल अशी रुजू होण्याची तारीख नव्या मालकाकडून आधीच मागून घ्या. पासपोर्ट कार्यालयातून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढायला लागणारे दिवसही त्यात धरा. तोवर सध्याच्या चीफ इंजिनिअरशी गोडीत राहा आणि निघताना त्यांच्याकडून अनुभवाचे असे पत्र घ्या, ज्यात तुम्ही सांभाळलेल्या यंत्रांची नावे आणि क्षमता लिहिलेल्या असतील. ‘वर्तणूक समाधानकारक’ एवढ्या पत्राने बेटावर पगार वाढत नाही.

आपला,
सल्लागार